अंग पुसायच्या वेळेला

संगणक सरळ बंद पडला असता तर धाकटीला त्याचा एवढा वीट आला नसता. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीला देता येते, चार शब्द ऐकवून कोपऱ्यात ढकलता येते. हा बंद पडत नव्हता, हा अडायचा. दोन सेकंद, तीन सेकंद, फार तर पाच. माउसचा बाण पडद्याच्या मधोमध खिळायचा, तिनं दाबलेली अक्षरं आत कुठेतरी तुंबायची आणि मग उलटी व्हावी तशी सगळी एकदम बाहेर पडायची. ते बघून तिला खरोखरच मळमळायचं.

तिचं कामच असं होतं की त्यात तुंबून चालत नव्हतं. एका संस्थेत ऐकू न येणारी मुलं शिकायची. शिक्षक वर्गात बोलायचे, ते बोलणं इकडे हिच्या कानात यायचं, आणि हिनं ते शब्द न् शब्द तिथल्या तिथे टाइप करायचं. मुलं आपल्या पडद्यावर वाचायची. एका विंडोत आवाज, दुसरीत मजकूर, तिसरीत त्या विषयातल्या अवघड शब्दांची यादी, चौथीत संस्थेकडून येणारे निरोप. एकच विंडो उघडी असेल तर संगणक शहाण्यासारखा वागायचा. चारही उघडल्या की ओल्या वाळूतून सायकल ढकलल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी अकराला तिची परीक्षा होती. चाळीस मिनिटांचं व्याख्यान. मजकूर तीनदा मागे पडला की नाव खोडणार, पुन्हा अर्ज करायची सोय नाही.

आणि हे काम तिला हवं होतं. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. नवरा जहाजावर इंजिनच्या खोलीत, वर्षातले आठ महिने पाण्यात. घराचा उंबरा न ओलांडता करता येईल असं हे एकच काम तिला सापडलं होतं, आणि जमतही होतं. बोटं चालायला लागली की आपण कुणाची सून, कुणाची भावजय होण्याआधी कुणीतरी होतो, हे तिला आठवायचं.

संगणक भाऊजींनी दिला होता. थोरले दीर तसे हात आखडूनच असायचे. पण दीड महिन्यापूर्वी एका रविवारी ते हा जुना, पण चांगला चालणारा संगणक घेऊन आले, स्वतः बसून सगळं त्यात घालून दिलं. येताना आईसाठी भिंतीवरचं एक मोठ्या आकड्यांचं घड्याळही आणलं आणि पलंगासमोर ठोकून दिलं. "पडल्या पडल्या वेळ कळेल तिला," म्हणाले. धाकटीनं त्यांना चहा दिला, दोनदा दिला, आणि पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली की भाऊजींनी फार केलं हो माझ्यासाठी.

आता तिनं संस्थेच्या मदतकक्षाला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, सर्दीनं नाक चोंदलेली, दर वाक्यानंतर "पुढे बोला" म्हणायची. धाकटीनं मनात तिचं नावच पुढे-बोला ठेवून टाकलं.

"बंद करून चालू केलात?"

"सतरा वेळा."

"पुढे बोला."

"सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद केले. नको ते काढून टाकलं. डिस्कवर जागा केली."

"आतली धूळ?"

ती राहिली होती. धाकटीनं संगणकाची पाठ उघडली. आत पंख्यावर धुळीचा इतका जाड, करडा थर होता की बोटानं उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा सुटून आला, आणि त्याच्या पोटात वाळून खडखडीत झालेलं एक झुरळ होतं, पाय वर करून. तिच्या अंगावर शहारा आला. दिवसातून चार वेळा बेडपॅन धुणारी बाई. नाक कधी मुरडलं नव्हतं. माणसाच्या अंगातून जे निघतं ते निघायचंच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं, असं तिला मनापासून वाटायचं. पण ते झुरळ कागदावर घेऊन बाहेर टाकताना तिनं श्वास धरून ठेवला.

पंखा चकचकीत झाला. संगणक अडायचा तो अडतच राहिला.

"मग एक करा," पुढे-बोला म्हणाली. "अडला की वेळ लिहून ठेवा. दोन दिवस. यंत्राला सवयी असतात, मॅडम. माणसांसारख्याच."

तिनं सोमवारी लिहिलं, मंगळवारी लिहिलं. दहा वाजून सात. दहा एकोणीस. दहा बावीस. मग साडेदहापासून पावणेअकरापर्यंत एवढे आकडे की ओळ भरली. अकरानंतर एकदम शांत. दोन्ही दिवशी तेच.

"तुमच्याकडे दहा ते अकरा काय असतं?" पुढे-बोलानं विचारलं.

"काही नाही. मावशी येतात. सासूबाईंचं अंग पुसायचं असतं. त्या तेवढा वेळ खोलीत असतात म्हणून तर मला कामाला बसता येतं."

"त्या फोनवर काही बघतात का? तुमच्या वाय-फायवर? पुढे बोला."

धाकटी पुढे बोलली नाही. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मावशी बादली घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती त्यांच्या वाटेत उभी राहिली. आवाज मऊच होता. तिचा आवाज चढतच नसे. पण मऊ आवाजातसुद्धा माणसाला कापता येतं.

"मावशी, आत असताना फोन बघत जाऊ नका. माझं काम अडतं."

"कुठला फोन?"

"तुमचा. आमचं इंटरनेट वापरता ना त्यावर?"

मावशींनी बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले, एकेक बोट वेगळं करून. मग कनवटीचा फोन काढून मेजावर ठेवला. बटणांचा होता, मागून रबरानं बांधलेला. "यात इंटरनेट कुठून घालू ते दाखवा, ताई."

धाकटीचा चेहरा उतरला. "माझं चुकलं."

"अकरा वर्षं लोकांची अंगं पुसतेय. कुणाच्या घरचं काही उचललं नाही. हवापण नाही." त्यांनी फोन परत खोचला. "आईंना पाठीला पावडर लावलीय. कूस बारानंतर बदला."

बुधवारी मावशी आल्याच नाहीत.

दहा वाजता धाकटी पडेल तोंडानं सरावाला बसली. समोरच सासूबाईंच्या खोलीचं दार. अंग पुसताना ते लावलेलं असे, आज उघडं होतं. पलंगावर सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. चारही विंडो उघडल्या. संगणक पाण्यासारखा चालला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदासुद्धा अडखळला नाही. तिला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं, म्हणजे मावशीच. फोनचं खोटं, दुसरं काहीतरी असेल. असा विचार केल्याबद्दल तिनं लगेच स्वतःच्या मनाला दटावलं, तरी तो आलाच होता.

तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या आणि माशी हाकलायला त्यांनी हात वर केला.

संगणक अडला.

हात खाली आला. दोन सेकंदांनी अक्षरं भसकन बाहेर पडली.

धाकटी म्हणाली, "आई, जरा हात हलवा बघू."

"कुणाला निरोप द्यायचाय?"

"असाच हलवा."

सासूबाईंनी हात हलवला. बाण खिळला. "आता थांबवा." बाण सुटला. "आता परत."

"सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला कवायत लावलीस होय गं धाकटे?" सासूबाई म्हणाल्या, पण करमणूक झाली होती, त्यांनी दोन्ही हात हलवले. पडदा पाच सेकंद मेल्यासारखा पडला.

तिनं फोन लावला. पुढे-बोलानं नाक ओढलं, जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, चालू प्रोग्रामांची यादी उघडा, डिस्कवर कोण किती लिहितंय त्या क्रमानं लावा, आणि आता सासूबाईंना हात हलवायला सांगा. सासूबाईंनी हलवला. यादीत तळाशी असलेलं एक नाव टुणकन वर चढून बसलं. 'सहायक'. डिस्क शंभर टक्के. हात थांबला, सहायक खाली गेला.

"हा प्रोग्राम तुम्ही घातलाय?"

"भाऊजींनी घातले सगळे."

"लिहितोय कुठे ते बघा. त्याच्यावर क्लिक करा, जागा दिसेल. ती उघडा."

ती उघडली. तारखांची ओळ होती, एकेचाळीस तारखा. तिनं सोमवारची उघडली. आत फायली, प्रत्येकीच्या नावात वेळ. दहा सात. दहा एकोणीस. दहा बावीस. हे आकडे तिला वहीत बघावे लागले नाहीत.

तिनं एक उघडली.

वरून दिसत होतं, घड्याळ होतं तिथून. पलंग. मावशींची वाकलेली पाठ. आणि सासूबाई, उघड्या, कुशीवर. एक पांढरा पाय मावशींच्या हातावर टेकलेला, ओला फडका, आणि ज्या जागा धाकटी सहा वर्षं पुसत आली होती पण कधी नजर लावून पाहिल्या नव्हत्या, त्या सगळ्या लख्ख उजेडात. सासूबाईंचं तोंड भिंतीकडे होतं. डोळे घट्ट मिटलेले, रोज मिटायच्या तसे.

चार सेकंदांत तिनं ती बंद केली.

"मॅडम? पुढे बोला."

"पुढे काही नाही," धाकटी म्हणाली. "कॅमेरा आहे. घड्याळात."

तिकडे नाक ओढण्याचा आवाज थांबला. मग ती मुलगी हळू आवाजात, माणसासारखी बोलली. हालचाल झाली की तो टिपतो, तुमच्या डिस्कवर लिहितो आणि पुढे कुणालातरी पाठवतो. डिस्क जुनी, तो लिहीत असला की दुसऱ्या कुणाला वाट मिळत नाही. घड्याळाची वायर काढा, प्रोग्राम काढा, यंत्र ठीक होईल. "आणि मॅडम, उद्या पास झालात तर संस्था स्वतःचं यंत्र देते. उद्याचा दिवस फक्त काढा."

प्रोग्राम काढण्याआधी धाकटीनं पुढे पाठवल्याची यादी पाहिली. दोन नावं होती. भाऊजी आणि नणंद. शिवाय एक वेगळा कप्पा होता, त्यात निवडून काढलेल्या फायली, आणि त्यांना कुणीतरी हातानं नावं दिली होती. 'उशीर'. 'उशीर दोन'. 'जेवण अर्धं'. 'आवाज नाही पण तोंड वाकडं'. आईला एखाद्या संस्थेत ठेवावं, घरात नीट होत नाही, हे भाऊजींचं वर्षभर चाललं होतं. नवरा ऐकत नव्हता. त्याला दाखवायची ही तयारी. तोंड वाकडं असलेल्या फायलीत ती स्वतः होती. त्या दिवशी तिची दाढ दुखत होती.

सगळं पुसून टाकून ती मोरीत गेली आणि साबण लावून हात धुतले. मग पुन्हा धुतले. किळस हाताला चिकटलेली नव्हती, पण धुवायला दुसरं काही सापडेना. या माणसाला तिनं चहा दिला होता. दोनदा. त्याचे गोडवे गायले होते.

घड्याळ उतरवताना सासूबाईंनी विचारलंच. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, तिनं सगळं सांगितलं, फायलींच्या नावांसकट.

सासूबाईंनी चादरीचा काठ बोटांत धरला. "उघडी पण?"

"हो."

"तो बघतो?"

"दोघं. वन्संपण."

"लहानपणी आंघोळ घातली की रडायचा मेला, आई बघू नको म्हणून. टॉवेल गुंडाळून कपडे बदलायचा." त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. खोलीत त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. "फोन लाव त्याला."

भाऊजींचा आवाज नेहमीसारखा समजूतदार होता. आईच्या सुरक्षिततेसाठी आहे. हल्ली सगळीकडे लावतात. मी काही बघत बसत नाही, जमा होतं फक्त. आणि मग, थोडा थांबून, "हे बघ, संगणक माझा आहे. त्यातला प्रोग्राम काढायचा असेल तर मी संगणक घेऊन जाईन. तुझी ती परीक्षा का काय आहे ना उद्या?"

धाकटी काही बोलायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. फोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "ये उद्या न्यायला. साडेदहाला ये." आणि ठेवून दिला.

दुपारी शेजारणीला बसवून धाकटी मावशींकडे गेली. दोन गल्ल्या सोडून, जिन्याखालची खोली. मावशींनी दार अर्धंच उघडलं. तिनं आधी माफी मागितली, मग राहिलेलं सांगितलं, कारण त्यांचंही ते होतं.

"मीपण त्यात?"

"तुमची पाठ. हात."

मावशी दाराबाहेर आल्या, गटारीवर वाकल्या आणि थुंकल्या. पदरानं तोंड पुसलं. "तुमच्यावर राग नाही, ताई. होता, पण हे ऐकून त्याला जागाच राहिली नाही. पण उद्या मी येत नाही. त्या खोलीत पाऊल उचलायचं नाही माझं. परवाचं परवा बघू."

गुरुवारी साडेदहाला भाऊजी आले. इस्त्रीचा सदरा, हातात मोठी कापडी पिशवी, संगणक न्यायला. धाकटीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. चहाचं विचारलं नाही.

"आत ये," खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "पिशवी ठेव तिकडे. अकराला तिची परीक्षा आहे. ती संपेपर्यंत त्या मेजाला कुणी हात लावणार नाही."

"आई, तुझा गैरसमज झालाय. मी तुझ्याच भल्यासाठी—"

"माहीत आहे. मावशी येत नाहीत आज. तुझ्या कृपेनं. माझं अंग पुसायचंय."

भाऊजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं कानाला हेडफोन अडकवले होते, पण एक कान मोकळा होता.

"मी?"

"एकेचाळीस दिवस बघतोयस. शिकला असशील."

"मी बघितलं नाहीये, आई. शपथ."

"मग नावं कुणी दिली? जेवण अर्धं म्हणे. त्या दिवशी भाजी कडू होती." सासूबाईंनी उशीवर मान वळवली. "गरम पाणी बादलीत आहे, फडके खुर्चीवर. बेडपॅन आधी काढायचं, मग पुसायचं. आणि दार लावून घे. माझी लाज आहे अजून शाबूत."

जाऊ शकले असते ते. दार चार पावलांवर होतं. पण माणूस आयुष्यभर आईपुढे चांगला मुलगा म्हणून वावरलेला असतो, त्याला असं एकदम निघून जाता येत नाही. त्यांनी बाह्या दुमडल्या, काळजीपूर्वक, इस्त्री मोडू नये अशा. आत गेले. दार लागलं.

अकरा वाजले. कानात शिक्षकांचा आवाज आला. विषय पुलांचा होता. थंडी-उन्हात लोखंड कसं आखडतं, पसरतं, म्हणून सांधे मोकळे का ठेवायचे. धाकटीची बोटं चालू लागली. चार विंडो उघड्या होत्या, बाण सांगेल तिथे जात होता. बंद दाराआड पाणी हिंदकळलं. सासूबाईंचा आवाज, "तसं नाही, गुडघा धर." मग भाऊजींची उबळ, दाबून धरलेली, मग न दबलेली. तिनं ती ऐकली आणि तिला बरं वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं. उलट त्या आवाजाचीही किळस आली, आईचं अंग समोर असताना कुणी अशी ओकारी काढावी याची. तिनं दुसरा कानही झाकून घेतला.

विसाव्या मिनिटाला तिच्या पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. वासावरून कळलं. भाऊजी होते, हातात बेडपॅन, लांब धरलेलं, वरचा फडका घसरलेला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"हे कुठे टाकायचं?"

तिनं ऐकलं नाही, ओठ हललेले तेवढे पडद्याच्या काचेत दिसले. उत्तर द्यायला दोन सेकंद लागले असते. शिक्षक सांगत होते, सांधा भरून टाकला तर पूल उन्हाळ्यात स्वतःच्याच अंगानं फुटतो. तिनं ते टाइप केलं. डावा हात क्षणभर वर केला, थांबा, आणि परत कळांवर ठेवला.

भाऊजी थांबले. खाली ठेवावं तर जेवायची खोली. मेजावर ठेवावं तर ती होती. सांडेल म्हणून हलताही येईना. आईच्या खोलीत परत जावं तर आतून आवाज आला, "रिकामं करून आण, मग पुढचं सांगते." ते तोंड एका खांद्याकडे वळवून, हात लांब करून, तसेच उभे राहिले. घर त्यांच्या वडिलांचं होतं, त्यात ते वाढले होते, पण आईचं हे सगळं रोज कुठल्या दारानं जातं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा कॅमेरा तिथपर्यंत पोचत नव्हता.

वीस मिनिटं. शेवटचं वाक्य, पूर्णविराम. चौथ्या विंडोत निरोप उमटला: एकदाही मागे पडला नाहीत. सोमवारपासून रोज दहा ते बारा. यंत्र शनिवारी पोचेल.

तिनं तो दोनदा वाचला. हेडफोन काढून वायर गुंडाळली. मग खुर्ची वळवली.

"डावीकडे, मोरीच्या पलीकडे," ती म्हणाली, नेहमीच्याच हळू आवाजात. "आधी थोडं पाणी घाला, मग ओता, नाहीतर अंगावर उडतं. आणि भाऊजी, धुऊन आणा. आईंची पाठ अजून राहिलीय."